रिंग आली

माझे सासरे आणि मी गेली कित्येक वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आलोय: गाडीला ऑइल फिल्टर कंपनीचा घालायचा की बाहेरचा. दुसऱ्या घरांत सासरे-सुना कशावरून भांडतात मला माहीत नाही, भाजीतल्या मिठावरून भांडत असतील. आमच्याकडे मीठ विसरलं तरी मामंजी मुकाट जेवतात. पण मी कुणाला बाहेरचा फिल्टर काढून दिला, की त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्याच म्हणून समजा.

आमचं गॅरेज लहान आहे. जमिनीत एक खड्डा, त्यावर गाडी उभी करायची आणि मामंजींनी खड्ड्यात उतरून खालून काम करायचं. खड्ड्याला लागून भिंत, भिंतीत खिडकी, आणि खिडकीच्या अलीकडे माझं स्पेअर पार्टचं दुकान. गिऱ्हाईक आलं, की मी काउंटरवर दोन डबे ठेवते. एक गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. दुसरा बाहेरचा, म्हणजे फक्त फिल्टरच बनवणाऱ्या एखाद्या दुसऱ्या कंपनीचा. मामंजी त्याला सरसकट डुप्लिकेट म्हणतात.

"सूनबाई, चांगल्या माणसाला डुप्लिकेट कशाला दाखवतेस?" खड्ड्यातून आवाज येतो.

"डुप्लिकेट नाहीये मामंजी. त्यांचं स्वतःचं नाव आहे डब्यावर, ठसठशीत."

"नाव काय, कुणीही छापतं."

"आणि कंपनी तरी कुठे स्वतः बनवते? तिलाही कुणीतरी बनवूनच देतं ना?"

"देतं. पण कंपनीचं माप पाळून देतं. तुझ्या ह्या पाहुण्याला कोण विचारणार?"

एकदा तर मी दोन्ही फिल्टर करवतीने कापून खिडकीत मांडले होते. आतल्या कागदाच्या घड्या, गाडी बंद असताना ऑइल उतरून जाऊ नये म्हणून असते ती रबराची झडप, सगळं उघडं. बाहेरच्याच्या घड्या कंपनीच्यापेक्षा दाट निघाल्या. अगदी टाकाऊ, कागद नीट चिकटवलेलाही नसतो असे फिल्टर बाजारात असतात, नाही असं नाही. पण ते मी दुकानात ठेवतच नाही. मामंजींनी दोन्ही तुकडे बराच वेळ उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "एवढा चांगला फिल्टर कापलास." कंपनीच्या तुकड्याबद्दल म्हणाले ते. मी हात टेकले.

माझा नवरा होता तेव्हा ह्या भांडणात पंच तो असायचा. काउंटरमागच्या स्टुलावर बसून तो दोघांनाही चिथवायचा आणि निकाल मात्र कधी द्यायचा नाही. ते स्टूल एका पायात डुगडुगतं. तो हलला की टक टक वाजायचं, आणि मामंजी खालून ओरडायचे, "त्या पायाखाली काहीतरी घाल रे!" त्याने शेवटपर्यंत घातलं नाही. मग तो आजारी पडला आणि आजारपण लांबलंही नाही. तो गेल्यावर आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हतो. बोलायला काही सापडतच नव्हतं. एके सकाळी मी दुकान उघडून बसले होते, तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, "सूनबाई, हा डुप्लिकेट कुणी काढलाय?" मी रडत रडत भांडले. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर जेवलो.

एक मात्र झालं. तो गेल्यापासून मामंजींनी काउंटरच्या आत पाऊल टाकलं नाही. काही हवं असलं तर खिडकीतून मागतात. आणि त्या स्टुलावर मीही बसत नाही.

आता रिंगचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक रिंग असते. जुना फिल्टर काढला की ती त्याच्याबरोबर निघून यायला हवी. कधीकधी ती येत नाही, इंजिनालाच चिकटून बसते. रबर काळं, तिथला अंधार काळा, ऑइल काळं. डोळ्यांना काही दिसत नाही. बोट फिरवलं तरच कळतं. ती तशीच राहिली आणि वर नवा फिल्टर बसला, तर रिंगवर रिंग येते. आज नाही गळणार, उद्या नाही गळणार, पण एकदा ऑइलच्या दाबाने रिंग सरकली की सगळं ऑइल रस्त्यावर आणि इंजिन जाम.

तरुणपणी, आमच्या लग्नाच्या आधी, माझ्या नवऱ्याने हीच चूक केली होती. मामंजींनी भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर त्याला खड्ड्यातून वर यायला लावलं आणि म्हणाले, "ज्याच्या बोटाला रिंग कळत नाही, त्याने गाडीला हात लावू नये. जा, आत जाऊन बस." तो आत जाऊन बसला. त्या स्टुलावरच. तेव्हा दुकान म्हणजे चार खोकी होती, ते त्याने वाढवलं, बाहेरचे फिल्टरही त्यानेच आणायला सुरुवात केली. खड्ड्यात मात्र तो पुन्हा कधी उतरला नाही. मामंजींनी बोलावलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोघंही एकाच माळेचे मणी.

त्या दिवसापासून गॅरेजात एक पद्धत पडली. जुना फिल्टर निघाला, की बोट फिरवून बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, "रिंग आली!" ते ऐकल्याशिवाय आतल्याने नवा फिल्टर द्यायचा नाही. देताना त्यानेही सांगायचं, "नवी दिली!" आधी बाप-लेक म्हणायचे, मग मामंजी आणि मी. गिऱ्हाइकांना हसू यायचं. आम्हाला त्याची इतकी सवय की एकदा जेवताना मामंजींनी "पोळी आली" म्हटल्यावर माझ्या तोंडून "नवी दिली" निघून गेलं होतं.

आमच्या भागात एक नर्सताई आहेत. घरोघरी जाऊन आजारी माणसांना बघतात, त्यासाठी एक जुनी गाडी दिवसभर पळवतात. मामंजींना साखरेचा आजार, म्हणून आमच्याकडेही येतात. मामंजींच्या पायांची जाणीव कमी झाल्याचं त्यांनीच ओळखलं होतं. अनवाणी फिरायचं नाही अशी ताकीद दिली होती. हातांचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. हात म्हणजे मामंजींचे हात, त्यांना काय होणार?

नर्सताई ऑइल बदलायला आल्या, तेव्हा मी नेहमीसारखे दोन डबे ठेवले.

"तू तुझ्या गाडीला कुठला घालशील?" त्यांनी विचारलं.

"बाहेरचा," मी म्हणाले. "काही फरक नाही ताई. उगाच कशाला?"

"ऐकतोय मी," खड्ड्यातून आवाज आला. "उद्या काही झालं तर मला सांगू नका."

"काका, तुम्ही घालताय म्हटल्यावर काय होणार?" नर्सताई हसत म्हणाल्या.

मग जुना फिल्टर निघाला, "रिंग आली!" ऐकू आलं, मी "नवी दिली!" म्हणून हात खिडकीबाहेर काढला. मामंजींनी नाक मुरडून तो फिल्टर घेतला. सगळं रोजच्यासारखं.

दोन-तीन दिवसांनी ती गाडी दुसऱ्या गाडीमागे दोराने बांधून आली. कुठल्यातरी लांबच्या घरी पेशंट खोळंबला होता, ऑइलचा लाल दिवा लागला तरी नर्सताईंनी म्हटलं आधी पोचू. पोचल्या नाहीत. इंजिन खडखडलं आणि जागच्या जागी बंद पडलं. पेशंटकडे त्या पायी गेल्या म्हणे.

मामंजींनी गाडीखालचं ओलं पाहिलं आणि सरळ माझ्याकडे वळले. "मी सांगितलं होतं."

मामंजी नर्सताईंना खुर्ची देऊन समजावत होते, बाहेरच्या फिल्टरची रिंग कशी हलकी असते, दाब आला की कशी फाटते. त्यांच्या आवाजात वाईट वाटणं होतं, पण थोडी जीतही होती. इतक्या वर्षांच्या भांडणात ती कुणाच्याही आवाजात आली असती. मला राहवेना. मी टॉर्च घेतला आणि खड्ड्यात उतरले. खरंच माझ्या फिल्टरची रिंग फाटली असेल तर मला ती बघायची होती.

फिल्टर फिरवून काढला. त्याची रिंग जागेवरून सरकून एका बाजूने बाहेर लोंबत होती, पण फाटलेली नव्हती. मग मी इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं. तिथे अजून एक रिंग होती. चपटी, कडक झालेली, चौकोनी काठाची. कंपनीच्या फिल्टरची जुनी रिंग.

मी ती नखाने उचकटली आणि तशीच उभी राहिले. वरून मामंजींचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मला एकेक आठवायला लागलं. उकळत्या चहाचा ग्लास ते हल्ली नुसता पंजात धरून ठेवतात, फुंकरसुद्धा घालत नाहीत. शर्टाचं बटण एक घर सोडून लागलेलं असतं. अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता, कुठे भाजलं विचारलं तर म्हणाले, कोण जाणे. आणि अलीकडे सारखी एकच तक्रार, "आजकाल वॉशर फार पातळ बनवतात, हाताला लागतच नाहीत." मी त्यावर हसले होते. कंपनीचेच आहेत मामंजी, म्हणून चिडवलंही होतं.

ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी बोट फिरवलं होतं, बोटाला काही लागलं नव्हतं, म्हणजे रिंग आली.

"काय गं, फाटलीय ना?" त्यांनी वरून विचारलं.

खरं सांगायचं, तर मला तेव्हा मामंजींचा चेहरा दिसत नव्हता, नवऱ्याचाच दिसत होता. ज्याच्या बोटाला रिंग कळत नाही. हे वाक्य ज्याने स्वतःच्या मुलाला ऐकवलं, तो स्वतःला माफ करणारा माणूस नव्हे. त्यांना आज कळलं तर ते आजच खड्ड्यातून वर येणार आणि पुन्हा उतरणार नाहीत. आणि खड्डा सोडून त्यांना दुसरं होतंच काय?

मी रिंग मुठीत दाबली. "हो मामंजी. फिल्टरच खराब निघाला."

गॅरेजच्या खर्चाने नर्सताईंच्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं ठरलं. मामंजी मला एका शब्दाने टाकून बोलले नाहीत. उलट संध्याकाळी खिडकीशी येऊन म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. माल देणाऱ्याने फसवलं, तू तरी काय करणार?" मी मान खाली घालून डबे पुसत बसले. त्यांची ती माया मला सोसत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी बाहेरचे सगळे फिल्टर काउंटरखालच्या खोक्यात ढकलले आणि फळीवर फक्त कंपनीचे ठेवले. आमचं भांडण संपलं. गॅरेज एकदम शांत झालं, आणि ती शांतता दोघांनाही आवडली नाही.

आता माझं एक नवंच काम सुरू झालं. मामंजी जेवायला गेले, हात धुवायला गेले, की मी पटकन खड्ड्यात उतरायची आणि त्यांनी बसवलेला फिल्टर काढून बोट फिरवून बघायची. बहुतेक वेळा ठीक असायचं. एकदा नव्हतं. मी रिंग काढून टाकली, फिल्टर परत बसवला, हात पुसले आणि काउंटरवर येऊन बसले. गाडीवाला मुलांना घेऊन गावाला निघाला होता. तो हसत हसत मामंजींचे आभार मानून गेला.

नर्सताई गाडी न्यायला आल्या, तेव्हा मामंजींची साखर बघायला बसल्या. पाय पाहून झाल्यावर सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "काका, आज हातपण बघू. डोळे मिटा. दोरा लागला की सांगा."

मामंजींनी दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवले आणि डोळे मिटले. नर्सताईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या दोऱ्याचा तुकडा काढला.

"लागला," मामंजी म्हणाले.

नर्सताईंनी अजून दोरा टेकवला नव्हता.

त्या थांबल्या. मग त्यांनी दोरा अंगठ्याला टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. मामंजी गप्प. पुढच्या बोटाला लावला. गप्प. मग हात मागे घेऊन त्या नुसत्याच बसून राहिल्या, आणि मामंजी म्हणाले, "हां, आता लागला. चांगला लागला."

परीक्षेला बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला तिथे उभं राहवेना, मी दुकानात निघून आले.

नर्सताई मागून आल्या. "फिल्टर नव्हता ना?"

मी गल्ल्यातून ती जुनी रिंग काढून काउंटरवर ठेवली, आणि त्यांच्यामागे रोज फिल्टर तपासते तेही सांगितलं.

"माझ्या इंजिनाचं सोड," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे परत यायचं नाही, जाणीव एकदा गेली ती गेली. तू किती गाड्यांमागे हात फिरवत बसणार? एखादी चुकेलच. सांग त्यांना. आणि ते तूच सांगायला हवंस."

"मी सांगू? मुलगा गेला, आता हातही गेले म्हणून सांगू?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी रोज ठरवायची आणि रोज जिवावर यायचं. आज सकाळी त्यांचा मूड चांगला आहे, मोडायला नको. आज त्यांचा मूड वाईट आहे, अजून बिघडायला नको. न सांगायला कारणं काय, हवी तितकी मिळतात.

मग तो दिवस आला. गाडी साधीच होती, काम रोजचंच. मी नवा फिल्टर हातात घेऊन खिडकीशी उभी होते. खालून जुना फिल्टर बादलीत पडल्याचा आवाज आला. मी वाट बघत राहिले. "रिंग आली" काही ऐकू येईना.

"मामंजी?"

मी धावत बाहेर गेले आणि खड्ड्यात वाकून पाहिलं. मामंजी हात वर करून उभे होते आणि इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवत होते. एक बोट, मग दुसरं, मग डाव्या हाताचं. पुन्हा पहिलं. काळं ऑइल त्यांच्या मनगटावरून बाहीत ओघळत होतं, त्यांना त्याचं भान नव्हतं.

"सूनबाई," ते वर न बघता म्हणाले, "खाली ये. तू बघ जरा."

मी उतरले. बोट फिरवलं. तोंड स्वच्छ होतं.

"आलीय मामंजी. काही नाही तिथे."

"नाही ना?" ते म्हणाले. "मला असली काय आणि नसली काय, सारखंच लागतंय." मग फडक्याने एकेक बोट पुसत राहिले. "काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या कोपराला ऑइल लागत नाही गं. तुझ्या रोज लागलेलं असतं."

मी कोपर मागे घेतलं.

"नर्सबाईंच्या गाडीत दोन होत्या?"

"हो."

"चिकटलेली कंपनीची होती?"

"हो, मामंजी."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रडलेही नाहीत. मला वाटलं होतं ते मोडून पडतील, पण ते फक्त थकल्यासारखे दिसले. "त्याला मी सगळ्यांसमोर वर काढलं होतं," ते म्हणाले. "आणि तू मला इतके दिवस झाकून ठेवलंस."

"तुम्ही थांबा ना इथेच. मी बघत जाईन रिंग. बाकी सगळं तुम्ही करा."

"नको. नियम माझाच आहे."

लोखंडी पायऱ्यांना धरून ते वर गेले. नळाचा आवाज आला, बराच वेळ आला. मी खड्ड्यात उभी होते आणि मला वाटलं ते घरी निघून जातील. पण पावलं दुकानाच्या दारापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि मग आत आली. काउंटरच्या आत.

"म्हण," खिडकीतून आवाज आला.

"काय?"

"काय म्हणजे? म्हटल्याशिवाय नवा मिळत नाही इथे."

मी मोठ्याने म्हणाले, "रिंग आली!"

वर खोकं सरकवल्याचा आवाज झाला. "नवी दिली," मामंजी म्हणाले आणि खिडकीतून हात बाहेर आला. त्या हातात बाहेरचा फिल्टर होता. काउंटरखालच्या खोक्यातला.

"कंपनीचे समोर फळीवरच आहेत, मामंजी."

"दिसतायत मला, डोळे शाबूत आहेत. हा घाल. त्याने आणायला सुरुवात केली होती, काही खोट नव्हती त्यांच्यात."

मी फिल्टर घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, मला लागली, त्यांना लागली की नाही कोण जाणे. मी नव्या रिंगला ऑइल लावलं, फिल्टर जागेवर धरला आणि हाताने आवळायला लागले. तेवढ्यात वर टक असा आवाज झाला. मग पुन्हा टक. मामंजी स्टुलावर बसले होते.

खड्ड्यात तो आवाज इतका स्पष्ट ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी तो इतकी वर्षं रोज ऐकला होता, आणि मग ऐकू यायचा बंद झाला होता. मला रडू आवरेना. वरून मामंजी म्हणाले, "याच्या पायाखाली काहीतरी घालायला हवं गं," आणि मी खालून म्हणाले, "नको मामंजी, राहू दे."